इतर, नाव लिहा



पेनाच्या एका खुणेवर हे सगळं लिहायला बसलोय. बरोबरची खूण. ती मी केली नव्हती.

2022 च्या पावसाळ्यात मला मुलगी झाली, तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात. मी सूतगिरणीत रिंगखात्यात आहे, त्या आठवड्यात रात्रपाळी होती. सकाळी सुटलो आणि केसातला कापूस झटकत तसाच गेलो. तिसऱ्या दिवशी नोंदणीच्या खिडकीवर बोलावणं आलं. कारकुनानं जन्माच्या खबरीचा कागद पुढं सरकवला आणि म्हणाला, वाचा, सही करा. घाईत होता बिचारा. बराचसा कागद त्यानंच भरून ठेवला होता.

हा कागद तुमच्यातल्या ज्यांना पोरं झाली त्यांनीसुद्धा धड बघितला नसेल, म्हणून सांगतो. त्याला नमुना 1 म्हणतात. त्याचे दोन भाग. पहिला कायदेशीर: जन्मतारीख, मुलगा का मुलगी, नाव, आई, बाप, जन्माचं ठिकाण, पत्ता, खबर देणाऱ्याची सही. दुसरा सांख्यिकी: आईबापाचं शिक्षण, धंदा, लग्नाच्या वेळी आईचं वय, आताचं वय, जन्मलेली पोरं किती, बाळंतपण कुणी केलं, बाळाचं वजन. हा दुसरा भाग पुढं वेगळा काढून आकडेमोडीला पाठवतात. त्यातलं अक्षरसुद्धा जन्माच्या दाखल्यावर छापून येत नाही. जातीचा रकाना कुठंच नाही. धर्माचा आहे, ह्या दुसऱ्या भागात. 'कुटुंबाचा धर्म.' पुढं चार जागा. हिंदू, मुस्लिम, ख्रिश्चन, आणि चौथी: इतर, नाव लिहा.

हिंदूवर खूण झालेली होती.

मी म्हणालो, "साहेब, हे चुकलंय. आम्ही बौद्ध आहोत."

त्यानं चष्मा कपाळावर घेतला. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगतो, कारण वाईट असता तर माझं काम सोपं होतं. म्हणाला, "अहो, हे दाखल्यावर येत नाही. नुसतं आकड्यासाठी असतं. कोण बघतंय?"

माझ्यामागं सात-आठ माणसं उभी. एक म्हातारी म्हणाली, "आटप की रं बाबा, माझी पोरगी बाळतीण हाय आत."

आणि मी अर्धा मिनिट गप्प राहिलो. 14 एप्रिलला ट्रकवर उभा राहून कविता ओरडणारा मी, मोर्च्यात घसा फाडणारा मी, त्या दीड वीत खिडकीपुढं अर्धा मिनिट गप्प. त्या अर्ध्या मिनिटाचा हिशोब मला द्यायचा आहे.

'कोण बघतंय?' कारकून सहज बोलून गेला, पण हा प्रश्न लई जुना आहे. जिथं खरं बोलून दमडीचा फायदा नाही, खोटं बोलून तोटा नाही आणि बघायला कुणीच नाही, तिथं माणसानं खरं का बोलावं? देववाल्यांना उत्तर सोपं. त्यांचा देव बघतो, त्यांचा चित्रगुप्त लिहून ठेवतो. (चित्रगुप्त तरी कोण, वरचा जन्ममृत्यू नोंदणी कारकूनच की. त्याच्या वहीत आपण कुठल्या पानावर होतो ते आपल्याला ठाऊक आहे.) आपण ती वही सोडून आलो. कायदा बघतो म्हणाल, तर 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात खोटी माहिती देणाऱ्याला 50 रुपयांपर्यंत दंड लिहिलेला होता. 50 रुपयांच्या धाकानं कुणी सत्यवादी झाल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. मग उरतं पंचशीलातलं चौथं शील, मुसावादाचं. तेसुद्धा वरून आलेला हुकूम नाही. आपण आपल्यालाच दिलेला शब्द आहे.

म्हणजे बघणारा एकटा मी उरतो. आणि त्या दिवशी बघणाऱ्यालाच नीट दिसत नव्हतं.

कारण खरं काय आहे? पोरगी तीन दिवसांची. मूठ उघडत नव्हती. तिचा धर्म कुठला? 13 ऑक्टोबर 1935 ला येवल्यात बाबासाहेबांनी जाहीर केलं की हिंदू म्हणून जन्मणं आपल्या हातात नव्हतं, पण हिंदू म्हणून मरायचं नाही. त्यानंतर 21 वर्षं त्यांनी वाचलं, पारखलं, आणि 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात, वयाच्या 65 व्या वर्षी धम्म घेतला. घेतला, दोस्तांनो. आईच्या पोटातून आणला नाही. जन्मानं माणसाला काही चिकटत नाही, हेच तर सगळं सांगणं. आणि मी काय करत होतो? तीन दिवसांच्या जिवाला जन्मानंच एक पाटी चिकटवत होतो. मला कुणी विचारलं नव्हतं, मी तिला विचारत नव्हतो. उद्या बौद्ध हीसुद्धा एक जात होऊन बसली तर ती अशाच खिडक्यांवर झालेली असेल, बापांच्या हातून. झालेलीच आहे असं कुणी म्हणालं तर मी भांडणार नाही. वधू-वर मेळाव्यातल्या अटी वाचा आणि गप्प बसा.

हे सगळं मला तिथंच सुचलं असं म्हणणार नाही. तिथं नुसता गोंधळ होता. विचार नंतर आला, साच्यांच्या घरघरीत, धागे सांधता सांधता, चार-पाच रात्रपाळ्यांत.

आमच्या खात्यातल्या एका दोस्ताशी बोललो. तो वकिलीच्या पहिल्या वर्षाला बसलेला. त्यानं तोड काढली. म्हणाला, रकाना मोकळा सोडायचास. 2014 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलंय की कुठल्याही फॉर्मवर धर्म लिहायची सक्ती सरकारला कुणावर करता येत नाही. तमिळनाडूत तिरुपत्तूरच्या वकील स्नेहा यांनी 2019 मध्ये जात नाही, धर्म नाही असा सरकारी दाखलाच मिळवला. त्यांच्या आईबापांनी त्या लहान असल्यापासून तो रकाना रिकामा ठेवला होता. पोरगी मोठी होईल, तिचं ती लिहील.

मला पटलं. दोन दिवस पटलं. मला आपले नारायण सुर्वे आठवले. कुणीतरी टाकून दिलेलं मूल. गंगाराम सुर्वे नावाच्या गिरणी कामगारानं उचललं, घरी नेलं. काशीबाईंनी वाढवलं. कुठल्या जातीत, कुठल्या धर्मात जन्मले हे जगातल्या कुठल्याच वहीत नाही. त्यावाचून काय अडलं? 1962 ला 'ऐसा गा मी ब्रह्म' आलं आणि गिरणगावच्या भाषेला कवितेत घर मिळालं. माझ्यासारख्या गिरणीतल्या कवीला त्यांच्याएवढा मोठा बाप दुसरा नाही. मला वाटलं, हाच खरा माणसाचा रकाना. रिकामा.

मग तो कागद पुन्हा डोळ्यापुढं आला. अरे, रकाना मोकळाच तर होता! मी त्यात काही लिहिलं नव्हतं. मला कुणी काही विचारलं नव्हतं. आणि तरी त्यावर हिंदूची खूण होती.

कोरा रकाना कोरा राहत नसतो. ज्याच्या हातात पेन तो भरतो. कारकुनानं काही कट केला नव्हता. त्यानं आडनाव वाचलं. मुसलमान दिसत नाही, ख्रिश्चन दिसत नाही, मारली खूण. श्वास घेतल्यासारखी. सवर्णाला रकाना मोकळा सोडणं परवडतं, कारण मोकळा सोडला तरी त्यात त्याचंच नाव उगवतं. आपण मोकळा सोडला की आपण परत त्याच वेशीच्या आत, जिथून आजा-पणजा धडपडत बाहेर आले. आणि सुर्व्यांचा रकानासुद्धा मी समजलो तसा रिकामा नव्हता. त्यात एका कामगारानं स्वतःच्या हातानं आपलं आडनाव लिहिलं होतं. कुणी लिहायला आलाच नसता तर काय झालं असतं, ते फुटपाथवरच्या पोरांना विचारा.

स्नेहाबाईंबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण त्यांनाही दाखला झगडून घ्यावा लागला. म्हणजे मोकळं राहायलासुद्धा शिक्का लागतो.

दुसरी गोष्ट मी उशिरा वाचली. रकान्यावर 'मुलाचा धर्म' असं नव्हतंच. 'कुटुंबाचा धर्म' असं होतं. सरकारी भाषेत कधी कधी चुकून शहाणपण येतं. पोरगी कोण, हे विचारलेलं नव्हतं. ती कुठल्या घरात आली एवढंच विचारलं होतं. आणि ते घर कुठलं हे मला पक्कं माहीत आहे. त्या घरात देव्हारा नाही. बाबासाहेब आणि बुद्ध यांची तसबीर आहे, तिच्याखाली दर पौर्णिमेला मेणबत्ती लागते, आणि त्या घरातल्या म्हाताऱ्यानं 1956 ला काहीतरी सोडलं आणि काहीतरी घेतलं. एवढं मला तिच्या वतीनं खरं सांगता येतं. पुढचं ती बघेल. (2024 मध्ये बातमी आली की केंद्रानं तयार केलेल्या नव्या नमुन्याच्या मसुद्यात आईचा धर्म वेगळा आणि बापाचा वेगळा विचारायचा आहे. तो कशासाठी पाहिजे यावर वाद झाला, व्हायलाच पाहिजे.)

आणि 'कोण बघतंय'चं आणखी एक उत्तर आहे: आकडा बघतो. 1951 च्या जनगणनेत सगळ्या भारतात बौद्ध होते 1 लाख 81 हजारांच्या आसपास. 1961 ला एकट्या महाराष्ट्रात सुमारे 27 लाख 90 हजार. 2011 ला महाराष्ट्रात 65 लाख 31 हजार. जन्माची नोंद वेगळी, जनगणना वेगळी, पण रकाना तोच. 1961 चे ते 27 लाख म्हणजे दारात आलेल्या मास्तरापुढं उभं राहून 'न्हाई, हिंदू न्हाई, बौद्ध लिव्हा' असं म्हणालेली माणसं आहेत. बहुतेकांना सही येत नव्हती. मास्तर काय लिहितोय ते वाचता येत नव्हतं. तरी त्यांनी सांगितलं. मला वाचता येत होतं, आणि मी गप्प होतो.

तर अर्ध्या मिनिटानं मी हिंदूवरची खूण खोडली. 'इतर'पुढं बौद्ध लिहिलं. खोडलं तिथं सही केली. तीन धर्मांना नुसती खूण पुरते, आपल्याला अक्षरं लिहावी लागतात. ह्याचा आधी राग आला. मग बरं वाटलं.

इथं लेख संपवला असता तर तुम्ही टाळ्या दिल्या असत्या. पण आबा आहेत.

आबा, माझा आजा, मुंबईला गिरणीत बदली कामगार होता. 6 डिसेंबर 1956 ला बाबासाहेब गेले. 7 तारखेला दादरच्या चौपाटीवर चितेपुढं भदंत आनंद कौसल्यायन यांनी लोकांना दीक्षा दिली, त्या गर्दीत आबा होता. अठरा वर्षांचा. पुढच्या खेपेला गावी आला तेव्हा घरातले देवांचे टाक फडक्यात बांधून नदीत टाकून आला, आईनं ऊर बडवला तरी. आणि त्याच आबानं 1974 ला माझ्या बापाला गावच्या शाळेत घालताना सांगितलं, हिंदू महार लिव्हा. मास्तरानं जन्मतारीख लिहिली 1 जून, जशी अर्ध्या महाराष्ट्राची लिहिली, आणि धर्म-जात लिहिली आबानं सांगितली ती.

मला हे पंधराव्या वर्षी कळलं तेव्हा मी महिनाभर आबाशी बोललो नव्हतो.

कारण जुन्यांना ठाऊक आहे, नव्या पोरांसाठी लिहितो. 1950 च्या अनुसूचित जातींच्या आदेशात अट होती: जो हिंदू नाही त्याला अनुसूचित जातीचा धरायचं नाही. 1956 ला त्यात शीख घेतले. त्याच वर्षी आपण बौद्ध झालो आणि केंद्राच्या सवलतींच्या बाहेर गेलो. 1960 ला महाराष्ट्र राज्य झालं, यशवंतराव चव्हाणांच्या सरकारनं नवबौद्धांना राज्याच्या सवलती दिल्या. पण रेल्वे, पोस्ट, केंद्राची कचेरी, तिथं बौद्ध लिहिलं की राखीव जागा बंद. ती उघडली 1990 ला, व्ही. पी. सिंगांच्या काळात. 34 वर्षं. आबाला कुणीतरी शहाण्यानं सांगितलं, पोरगा रेल्वेत चिकटावा असं वाटत असंल तर हिंदू महार लिव्ह.

म्हणजे सरकार म्हणत होतं, तुझ्या जखमेवर मलम देतो, फक्त ज्यानं जखम केली त्याच्याच घरचा मी, असं लिहून दे. गाव तर दीक्षेनंतरही महारच म्हणत होतं. पाणवठा वेगळा होता तो वेगळाच राहिला, हॉटेलातली कपबशी वेगळी ती वेगळीच. तेव्हा 'महार' हे गावाच्या तोंडून खरं होतं. 'हिंदू' तेवढं खोटं. आणि ते खोटं कायद्यानं मागून घेतलं होतं. 1990 च्या दुरुस्तीत ख्रिस्ती झालेले आणि मुसलमान झालेले दलित नव्हते. त्यांच्यातल्या किती बापांनी असंच दोन तोंडांनी बोलून दिवस काढले, कुणी मोजायचं?

हे सगळं धरूनही मला वाटतं, आबाचं चुकलं. का सांगतो. आमच्याच आळीत एक घर होतं. त्या बापानं तिन्ही पोरांपुढं बौद्ध लिहिलं. त्यालाही कुणीतरी तोच शहाणा भेटला असणार. थोरला हुशार होता, पोस्टात लागला असता. तो ऊसतोडीला गेला. आबा बरोबर असेल तर ते घर खुळं ठरतं. आणि ते घर खुळं नव्हतं. परिस्थिती, परिस्थिती म्हणून आपण प्रत्येक खोट्याला माफी देत सुटलो की ज्यांनी त्याच परिस्थितीत खरं बोलून पोटाला चिमटा घेतला त्यांच्या तोंडावर आपण थुंकतो.

आबाला तर खोट्याचं फळही मिळालं नाही. 18 जानेवारी 1982 ला मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला. गिरणी सुटली, आबा पिशवी घेऊन गावी आला, माझ्या बापाची शाळा नववीत सुटली. रेल्वे कुठली आणि काय कुठलं. 'हिंदू महार' तेवढं दाखल्यावर राहिलं.

आणि आता पेच उलटा फिरतो. पोरीचा जातीचा दाखला काढायचा म्हटलं तर कायदा काय मागतो? ती बौद्ध असली तरी तिचे पूर्वज अनुसूचित जातीचे होते ह्याचा पुरावा, आणि 10 ऑगस्ट 1950 च्या आधीपासून इथले रहिवासी असल्याचा पुरावा. घरात सगळ्यात भक्कम कागद कुठला? माझ्या बापाचा शाळा सोडल्याचा दाखला. हिंदू महार. ज्या खोट्यासाठी मी महिनाभर आबाशी बोललो नाही, त्याच कागदावर माझ्या पोरीचा हक्क उभा राहणार. आणि ज्या घरानं बौद्ध लिहिलं त्या घरची नातवंडं जुन्या नोंदीसाठी तहसीलच्या पायऱ्या झिजवतात.

जुनी नोंद म्हणजे गावचं कोतवाल बुक, जन्ममृत्यूची वही. त्यात जातीचा रकाना होता. आबाच्या जन्माची नोंद त्यात सापडली. पोराचं नाव नाही. मुलगा, बापाचं नाव, जात महार. बापाचं नाव कचरू. आमच्या मागच्या पिढ्यांत असलीच नावं, कचरू, धोंडी, दगडू. काही पोरं जगावीत म्हणून नवसानं ठेवलेली, ते खरं. पण शूद्राचं नाव किळस यावी असं ठेवा हे मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात लिहिलेलंच आहे, आणि ती 25 डिसेंबर 1927 ला महाडला उगीच जाळली नाही. गावकीत आमच्या पणजोबांचं एक काम होतं, गावात कुणी मेलं की पाहुण्यांच्या गावी पायी जाऊन खबर द्यायची. सगळ्यांच्या मरणाची वर्दी आम्ही दिली. आमच्या जन्माची वही मात्र दुसऱ्याच्या हातात. 2023 ला कुणबी नोंदी शोधायला हेच बुक सरकारनं गावोगाव उघडलं, मोडी वाचणाऱ्यांना मागणी आली. तेव्हा कळलं, त्या पिवळ्या कागदाची गरज आता फक्त आपल्याला नाही. मला त्यात कुणाला हसायचं नाही. आजोबाची जात शोधत फिरणं किती लाजिरवाणं असतं ते आपल्याइतकं कुणाला ठाऊक?

एका वहीतलं एक नाव मात्र मी मनात जपून ठेवलंय. 7 नोव्हेंबर 1900, साताऱ्याची सरकारी शाळा, भिवा रामजी आंबेडकर. त्या ओळीला वहीनं मोठं केलं नाही. त्या ओळीनं वही मोठी केली.

आणि दुसरा एक पोरगा, रोहित वेमुला. 17 जानेवारी 2016 ला हैदराबादेत गेला. जन्माबद्दल त्यानं शेवटच्या पत्रात काय लिहिलं ते तुम्हाला पाठ आहे. तो गेल्यावर पुढं कितीतरी वर्षं कागद फिरत राहिले, तो मुळात दलित होता का नव्हता. मेल्यावरसुद्धा पोराच्या जन्माचा रकाना तपासत होते. पोरीला मांडीवर घेतलं की मला हे आठवतं, आणि मग कोणता रकाना कसा भरावा ह्यातलं माझं सगळं तत्त्वज्ञान पातळ होतं.

एक गोष्ट मी अजून सांगितलेली नाही. सांगणार नव्हतोच. पण खऱ्याखोट्यावर एवढी पानं लिहून ती गिळली तर हा लेख फाडून टाकलेला बरा.

त्याच कागदावर, त्याच सांख्यिकी भागात, धर्माच्या खाली आईच्या लग्नाच्या वयाचा रकाना होता. तो मोकळा होता. कारकुनानं विचारलं, "लग्नाच्या वेळी मिसेसचं वय?" मी म्हणालो, "अठरा." आमचं लग्न झालं तेव्हा तिला सतरा पुरी होऊन आठवा महिना चालू होता. तिचा बाप आजारी होता, घाई केली, आम्हीही केली. अठरा म्हणताना मला अर्धा मिनिटसुद्धा लागला नाही.

नोंदणी झाल्यावर वॉर्डात गेलो. छाती फुगलेली. बायकोला सांगितलं, खूण खोडली, बौद्ध लिहिलं, असं असं बोललो. ती पोरीला पाजत होती. म्हणाली, "वजन नीट लिवलंय का बघितलं? काल काट्यावर दोन तीनशे होतं, आज नर्सबाई कमी म्हनत्या." मी म्हणालो, लिहिलंय. मग म्हणाली, "माझं लग्नाचं वय किती लिवलं?" मी सांगितलं.

थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मग आबांना कशाला बोलत होता हो एवढं?"

मी म्हणालो, ते वेगळं, हे वेगळं. तिथं समाजाचा प्रश्न. इथं पोलीस-कचेरीचं लफडं झालं असतं.

"आबांना बी रेल्वेचं लफडं होतंच की," ती म्हणाली, आणि पोरीला दुसऱ्या अंगाला घेतलं.

मला अजून ह्याचं उत्तर देता आलेलं नाही. जो आकडा बघतो म्हणून मी वर मोठ्या तोंडानं लिहिलं, त्याच आकड्यात कुठंतरी एक पोर लग्नाच्या वेळी अठराची झालेली आहे, जी अठराची नव्हती. आपल्या वस्त्यांत पोरी किती लवकर उजवतात हे त्या आकड्यानं सांगायचं होतं. मी त्याचं तोंड दाबलं. धर्माच्या रकान्यात माझा अभिमान होता म्हणून खरं निघालं, वयाच्या रकान्यात माझी लाज होती म्हणून खोटं. शीलाचा त्यात वाटा किती होता, हे मी स्वतःला रोज विचारतो.

घरी आलो तेव्हा आबा ओट्यावर बसले होते. चौऱ्याऐंशीचे. ऐकायला कमी येतं, मोठ्यानं सांगावं लागलं. खिडकी, खूण, सगळं. आळीतल्या चार बायका थांबून ऐकायला लागल्या. आबांनी विचारलं, "तुझ्या हातानं लिव्हलंस?"

"व्हय."

"शुद्ध लिव्हलंस न्हवं? 'द'ला 'ध' नीट जोडलास?"

म्हटलं, जोडला.

मग लई वेळ काही नाही. पोरीला त्यांच्या मांडीवर दिलं. त्यांनी तिची मूठ उघडून बघितली. ती उघडली नाही.

म्हणाले, "बरं केलंस. आता ट्रंकंतला तुझ्या बापाचा दाखला बाहीर काढ, पावसानं दमाट हुईल. चांगल्या पिशवीत घालून ठिव. हिला लागंल त्यो."